गळ, नदी आणि फिर्याद

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत मासळी शिजत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्याही शिजत नाहीं. तेव्हां ह्या महिन्याचा विषय पाहून कांहीं भगिनींच्या कपाळीं आठी पडली, तर त्याचा आम्हांस विषाद नाहीं. परंतु ज्या घरांत दशावतारांची गणना मत्स्यापासून सुरू होते, त्या घरानें माशांच्या दैन्याची वार्ता ऐकूंच नये, असें तर कोणी म्हणणार नाहीं!

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस येरवड्यास एका आप्तांकडे जाण्याचा योग आला. सकाळीं फिरावयास म्हणून बंडगार्डनच्या बंधाऱ्याकडे गेलों. मुळा आणि मुठा संगमावर एक होतात आणि तें एकत्र पाणी येरवड्याच्या पायाशीं येऊन ह्या बंधाऱ्यावरून पुढें जातें. कांठावर एक वृद्ध गृहस्थ गळाची काठी मांडीवर आडवी टाकून बसले होते. "आज कांहीं मिळालें का?" आम्हीं सहज विचारिलें. "मिळावयाचें काय? चिलापी!" ते म्हणाले, "आतां मी मासे धरावयास येत नाहीं, मोजावयास येतों." त्यांच्या पिशवींत एक वही होती. कोणत्या दिवशीं पाण्याचा रंग कसा, फेस किती, मेलेले मासे कोठें दिसले, हें सारें तींत टिपलेलें होतें. "ही वही कोणास दाखविलीत?" ह्या प्रश्नावर ते नुसते हंसले. त्या हंसण्यानेंच आम्हांस हा मजकूर लिहावयास लाविलें.

येरवड्याच्या ह्या पाण्याचें नांव प्राणिशास्त्रांत अजरामर झालेलें आहे, हें फार थोड्या पुणेकरांस माहीत असेल. कर्नल सायक्स यांनीं दख्खनच्या माशांचें वर्णन 1839 सालीं प्रसिद्ध केलें. त्यांनीं एक मोठी रसिकतेची गोष्ट केली. माशांस शास्त्रीय नांवें देतांना येथल्या मासेमारांच्या तोंडचीं नांवेंच त्यांनीं पुष्कळ ठिकाणीं उचललीं. शिंगाळा, शिंगटी, कोळस, नाकाडावर टेंगूळ मिरविणारा नुकटा, हीं आपलीं गांवठी नांवें थोड्याफार उच्चारभेदानें आज जगांतील सर्व प्राणिशास्त्रज्ञ लिहितात. 'खुदरी' ह्या नांवाचा दख्खनी महसीर, म्हणजे गळ टाकणारांच्या स्वप्नांतील राजाच, त्यांनीं वर्णिला तो पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या पात्रांतील! ज्या माशाची ओळख जगास ह्या नदीनें करून दिली, त्यास आज ह्याच नदींत येरवड्याजवळ श्वास घेणें कठीण झालें आहे.

हें कसें झालें, तें समजण्यास मोठें शास्त्र नको. खडकवासल्याचा बांध 1879 सालीं पुरा झाला. पुढें पानशेत, वरसगांव, टेमघर हीं धरणें झालीं. पाणी वरच अडलें, तें नळांवाटे आपल्या घरीं आलें, आणि आपल्या मोऱ्यांवाटे नदींत गेलें. उन्हाळ्यांत शहराखालीं जें वाहतें, त्यांत नदी थोडी आणि सांडपाणी फार. ह्या घाणीचें विघटन करणारे सूक्ष्म जंतु पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खाऊन टाकतात. वाहत्या, निर्मळ पाण्याचा महसीर अशा वेळीं प्रथम जातो. काटक चिलापी मागें राहते. ही चिलापी मूळची आफ्रिकेची. हिंदुस्थानांत ती 1952 सालीं आणली गेली. फ्रेझर यांनीं 1942 सालीं पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली होती. वाघ आणि घाटे ह्या अभ्यासकांनीं 2003 सालीं मुळा-मुठेच्या माशांचा पुन्हा लेखाजोखा मांडला. अशा जुन्या-नव्या याद्या शेजारीं ठेवून वाचणें म्हणजे एखाद्या आटोपत चाललेल्या कुळाची वंशावळ वाचणेंच होय.

आतां प्रश्न असा, कीं माशांची फिर्याद करावी कोणीं? झाडाचा कैवार त्याच्या सावलींत बसणारा घेतो. पक्ष्याचा कैवार त्याचें गाणें ऐकणारा घेतो. मासा दिसत नाहीं आणि बोलतही नाहीं. त्याची खबर ठेवणारे दोघेच: पोटासाठीं जाळें टाकणारा भोई आणि हौसेसाठीं गळ टाकणारा गृहस्थ. माशास धरणारानेंच माशाचें रक्षण करावें, हें ऐकून हंसूं येईल. पण इतिहासाची साक्ष तशीच आहे. 'द रॉड इन इंडिया' हा गळावरचा ग्रंथ 1873 सालीं लिहिणारे हेन्री सलिव्हन टॉमस हे दक्षिण कानड्यांत कलेक्टर होते. नद्यांतील माशांच्या नाशाविरुद्ध त्यांनीं व फ्रान्सिस डे यांनीं सरकारदरबारीं लेखणी झिजविली. पुढें 1897 चा मत्स्यव्यवसाय कायदा होऊन सुरुंगानें वा विषानें मासे मारणें हा गुन्हा ठरला.

विलायतेंत तर गळवाल्यांनीं आपला संघच उभारला. जॉन ईस्टवुड नांवाच्या वकिलांनीं 1948 सालीं तो स्थापिला. नदी घाण करणारास कोर्टांत खेंचणें हेंच त्याचें काम. डार्बी येथील मासेमारीच्या मंडळानें एक कापड-कारखाना, नगरपालिका व वीजमंडळ ह्या तिघांवर फिर्याद केली, आणि 1952 सालीं वरिष्ठ न्यायालयानें मनाई-हुकूम कायम केला. फावल्या वेळीं कांठीं बसणाऱ्या माणसांपुढें नगरपालिकेस मान तुकवावी लागली. एकट्याची वही पिशवींत राहते. संघाची वही न्यायाधीशापुढें जाते, हा त्यांतला बोध.

आपल्याकडेही असा पुरावा नाहीं असें नाहीं. कावेरीच्या कांठीं गळवाल्यांच्या शिबिरांत 1998 ते 2012 पर्यंत पकडून सोडून दिलेल्या माशांच्या नोंदी होत्या. त्यांवरूनच तेथील कुबडाचा महसीर नाहींसा होत चालल्याचें शास्त्रज्ञांनीं दाखविलें, आणि 2018 सालीं तो अतिसंकटग्रस्त ठरला. परंतु त्याच नोंदींनीं दुसरें एक कटु सत्य उघड केलें. त्याची जागा घेणारा मासा कोण? तर माणसांनीं हौसेनें नेऊन सोडलेला आपला दख्खनी खुदरी! लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या केंद्रांत डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व श्री. एस. एन. ओगले यांनीं 1970 नंतरच्या वर्षांत ह्या माशाची पैदास साधली, आणि लाखों पिलें ठिकठिकाणीं गेलीं. पैदास ही मोठीच कामगिरी; पण एका नदीचें औषध दुसऱ्या नदीस विष होऊं शकतें, हें पुढें कळलें. म्हणून आम्ही म्हणतों, गळवाल्यांचा कैवार घ्यावा, पण त्यांच्या हौसेसही शास्त्राचा लगाम असावा.

पुण्यास नदीविषयीं आस्था नाहीं, असा आरोप आम्ही करणार नाहीं. नदीकांठ सुशोभनाच्या योजनेंत जाणाऱ्या झाडांसाठीं 2023 सालीं पुष्कळ स्त्रीपुरुष रस्त्यावर उतरले. येरवड्याच्या बाजूस डॉ. सालीम अली यांच्या नांवें ओळखली जाणारी पक्ष्यांची जागा आहे. तिच्यासाठींही लोक झगडत आले आहेत. ह्या सर्वांत झाडें बोललीं, पक्षी बोलले. माशांच्या वतीनें बोलणारा आवाज मात्र आमच्या कानीं फारसा आला नाहीं. आणि नदी जिवंत आहे कीं नाहीं, ह्याचें खरें उत्तर तर मासाच देणार! कांठावर दगडी पायऱ्या आणि दिवे लावल्यानें मढें सजतें, उठून बसत नाहीं.

शाकाहारी माणसानें ह्यांत पडावें काय? आमच्या मतें त्यानेंच आधीं पडावें. कारण त्याची साक्ष निरपेक्ष. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडींत देवीच्या नांवानें महसीर राखले गेले, ते कांहीं कायद्याच्या धाकानें नव्हे. 'हे देवीचे' असें गांवानें ठरविलें, आणि मासे वांचले. श्रद्धेनें एक डोह राखला. सबंध नदी राखावयास मात्र श्रद्धेच्या जोडीस नोंद, कायदा आणि संघ हीं तिन्ही हवींत.

घरबसल्या करतां येण्याजोगें थोडें सांगतों. मुलांनीं कंटाळून टाकलेले कांचेच्या पेटींतील मासे नदींत सोडूं नयेत. तें पुण्य नव्हे. मेलेले मासे दिसतील तर तारीख, वेळ, जागा लिहून व छायाचित्र घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावें, आणि पोंच मागून घ्यावी. वस्तींतील गळवाले व भोई यांस एकत्र बसवून त्यांच्या नोंदींची एक सामाईक वही करावी. ती वही भरली, म्हणजे 2010 च्या कायद्यानें झालेल्या हरित न्यायाधिकरणाचें दार कोणाही बाधित नागरिकास ठोठावतां येतें.

बंधाऱ्यावरच्या त्या वृद्ध गृहस्थांची वही आतां भरत आली असेल. येरवड्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं कोणी सकाळीं तिकडे गेलें, तर त्यांच्याजवळ क्षणभर बसावें, आणि वही पाहावयास मागावी. ती मागणारा अजून कोणी त्यांस भेटलेला नाहीं.