अभिजात ख्रिस्ती शिक्षण कालबाह्य नाही

अमेरिकेत अभिजात ख्रिस्ती शाळांची चळवळ उभी राहून चार दशके उलटली. आयडाहो राज्यातल्या मॉस्को गावी १९८१ साली निघालेली लोगोस स्कूल ही तिच्या आरंभीच्या शाळांपैकी एक. तिच्यामागची प्रेरणा डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेच्या १९४७ मधल्या ऑक्सफर्डच्या व्याख्यानाची. आधी व्याकरण, मग तर्क, शेवटी वक्तृत्व हा मध्ययुगीन क्रम मुलांच्या वाढीशी जुळतो, असे बाईंचे प्रतिपादन होते. या शाळांत लॅटिन शिकवतात. होमर, प्लेटो आणि बायबल हे सारे वाचून घेतात. आधुनिक समाजात अशा शिक्षणाला जागा नाही, असे म्हणणाऱ्यांचे तीन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा उपयोगाचा. लॅटिन शिकून नोकरी मिळते का? मग आज शिकवलेले सॉफ्टवेअर मूल पदवीधर होईपर्यंत टिकेल का, हेही विचारायला हवे. अवघड मजकूर चिकाटीने वाचणे, त्यातला युक्तिवाद पारखणे आणि आपले म्हणणे नेमके मांडणे, हे कुठल्याही धंद्यात शिळे होत नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे: हे शिक्षण मुलांच्या बुद्धीला कुलूप लावते. पण तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस याचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ उघडून पाहावा. ‘ईश्वर आहे का?’ या प्रश्नाची चर्चा तो नास्तिकाच्या युक्तिवादाने सुरू करतो. ईश्वर अनंत कल्याणमय असेल, तर जगात दुष्टावा कसा? निसर्ग आणि मानवी बुद्धी-इच्छा यांनी सगळ्याचा उलगडा होत असेल, तर ईश्वर हवाच कशाला? हा पूर्वपक्ष मांडूनच तो स्वतःचे उत्तर देतो आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार घेतो. आपल्या शास्त्रचर्चेची रीतही हीच. मुलांना जगापासून झाकून ठेवण्यासाठी जी शाळा या शिक्षणाचे नाव लावते, ती या परंपरेशीच द्रोह करते.

तिसरा मुद्दा असा, की हा गोऱ्या उच्चभ्रूंचा वारसा आहे. पण अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्या काळ्या समाजाला हातांचे कसब पुरे, असे वातावरण असताना काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस त्याच्या उच्च शिक्षणाच्या हक्कासाठी झगडले. विल्बरफोर्स विद्यापीठात त्यांनी स्वतः ग्रीक आणि लॅटिन शिकवले. १९६३ साली वंशभेदाविरुद्धच्या लढ्यामुळे मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत त्यांनी या लढ्यावर टीका करणाऱ्या आठ गोऱ्या धर्मोपदेशकांना उत्तर लिहायला घेतले. अन्यायी कायदा का मोडावा, हे सांगताना त्यांनी सॉक्रेटिस, ऑगस्टीन आणि अक्वायनस यांना साक्षीला बोलावले. वंशभेदाचे कायदे करणारे ज्या वारशाचा अभिमान मिरवत होते, त्याच वारशाने किंगनी त्यांना निरुत्तर केले.

या शिक्षणाची खरी गरज इथेच दिसते. बाजार खपते ते चांगले मानतो, सत्ता चालते ते योग्य ठरवते. या दोहोंना जाब विचारायचा, तर माणसापाशी दोहोंपलीकडचा निकष हवा आणि तो मांडण्याची तयारीही हवी. अभिजात ख्रिस्ती शिक्षण निकष श्रद्धेतून देते आणि तयारी तर्कातून करून घेते. ती श्रद्धा ज्याला मान्य नाही, त्याने तिच्याशी खुशाल वाद घालावा. पण त्यासाठी लागणारी शिस्त शिकवणाऱ्या शाळांना कालबाह्य म्हणून मोडीत काढू नये.