बॅबिलोनमधलं बिऱ्हाड

ज्यूंच्या बॅबिलोनी बंदिवासाची गोष्ट आपल्याकडे ठरल्या सुरात सांगितली जाते. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास नेबुखद्नेझरने जेरुसलेमचं मंदिर जाळलं, लोकांना जखडून नेलं, ते गुलामीत खितपत पडले. मग इराणच्या सायरसने परवानगी दिली आणि मायदेशी परतून त्यांनी धर्म पुन्हा उभा केला. म्हणजे बंदिवास हा नुसता मधला काळोख, खरी कर्तबगारी परतणाऱ्यांची. मला हे पटत नाही. परंपरेला वळण लावण्यात न परतलेल्यांचा वाटा मोठा आहे.

बॅबिलोनच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवर यहूदा राज्याचा पदच्युत राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. रयतेची कागदपत्रं याहून बोलकी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अल-याहुदू या हद्दपारांच्या वस्तीच्या पाट्या उत्खननातून नव्हे, पुरावस्तूंच्या बाजारातून आल्या, हा त्यांच्यावरचा डाग खराच. पण मजकूर अस्सल मानला जातो. जव, खजूर, खंड, कर्ज असा सगळा रोकडा व्यवहार. एका पाटीवर अक्कडी मजकुराच्या जोडीला शेलेम्याह हे नाव जुन्या हिब्रू अक्षरांत कोरलेलं आहे. या पाट्या इ.स.पू. ४७७ पर्यंतच्या आहेत. परतीची वाट मोकळी होऊन साठ वर्षं उलटली तरी ही मंडळी तिथेच खजुराचे हिशेब करत होती!

कोणी म्हणेल, यात धर्म कुठे आहे? पाट्यांत तो फक्त नावांत दिसतो: पिढ्या उलटल्या तरी मुलांच्या नावांत ‘याहू’ हे देवाचं नाव टिकून आहे. पण यिर्मया या संदेष्ट्याने हद्दपारांना धाडलेलं पत्र पाहा. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं तो सांगतो. मंदिरापासून दूर, शत्रूच्या भूमीवर आणि शत्रूच्याच नगरासाठी केलेली प्रार्थना देवाला पोचते, हा विचार त्या काळी लहान नव्हता.

आता दुसऱ्या टोकाचे पंडित. त्यांच्या मते ज्यू धर्म सबंध बॅबिलोनातच रचला गेला. मग १९७९ साली जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत सापडलेल्या चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्यांचं काय करायचं? त्यांवर बायबलमधल्या ‘गणना’ या ग्रंथातल्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्या मंदिर पडण्याआधीच्या मानतात. प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, बॅबिलोनात जन्मलं हेही असंच ठोकून दिलेलं विधान. त्याचे सर्वांत जुने कोरीव लेख इजिप्तमधले, इ.स.पू. तिसऱ्या शतकातले आहेत.

हद्दपारीने धर्म घडवला तो निवड करायला लावून. सुंता यहूदाच्या शेजाऱ्यांतही होती, त्यामुळे मायदेशी तिचं फारसं अप्रूप नव्हतं. बॅबिलोनी लोक सुंता करत नसत, तिथे तीच ओळख ठरली. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळायला वेदी लागत नाही, त्यालाही असंच वजन आलं.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं मंदिरही पाडलं. पुढच्या काही शतकांत बॅबिलोनातल्या सुरा आणि पुंबेदिता इथल्या विद्यापीठांत न परतलेल्यांच्या वंशजांनी धर्मशास्त्राचा अफाट खल केला. त्यातून बॅबिलोनी तालमूद तयार झाला. तालमूद जेरुसलेमच्या नावानेही आहे. पण दोहोंत मतभेद पडला, तर पारंपरिक निवाड्यात सहसा बॅबिलोनचाच शब्द चालतो.