म्हसळ्याला रस्ता मिळाला, पण गाडीचं काय?

म्हसळा हे तालुक्याचं गाव. आजूबाजूच्या गावांचा बाजार, बँक, तहसील सगळं इथेच. पण त्यापुढचं काही हवं असेल, मोठं हॉस्पिटल, मुंबईची नोकरी किंवा आखाती देशाचं विमान, तर आधी माणगाव गाठावं लागतं. 25 ते 30 किलोमीटरचा टप्पा आणि मध्ये घोणसे घाट. आपल्या कितीतरी घरांचं एक पाऊल म्हसळ्यात आणि दुसरं मुंबईत किंवा कुवेत-सौदीत आहे. म्हणून हा टप्पा आपल्यासाठी रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

आधी रेल्वे पाहू. कोकण रेल्वेचा रोहा–वीर टप्पा 1993 मध्ये सुरू झाला आणि 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. माणगावला स्टेशन मिळालं, म्हसळ्याच्या वाट्याला मात्र रूळ आले नाहीत. पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्याहून सुटू लागली. मुंब्र्याच्या लोकांना दिवा जवळ आहे. पण डोंगरी, कुर्ल्याच्या माणसाने म्हाताऱ्या आई-वडिलांना आणि सामानाला घेऊन आधी लोकलने दिवा गाठायचं. तिथून माणगावला उतरलं, तरी पुढे एसटी मिळेलच असं नाही. मग मिनीडोर किंवा खाजगी गाडी, आणि तो सांगेल ते भाडं.

आता एसटी. 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट. दोन्ही योजना चांगल्याच. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते, स्टँडवर उभं राहून नाही. फेरी रद्द झाली की तीच बाई खाजगी गाडीला पूर्ण पैसे देते. त्यातच जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा तर याहून मोठा तोटा होतो. संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नसेल, तर घरचे सरळ शिक्षणच बंद करतात.

रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. दिघी–म्हसळा–माणगाव हा राष्ट्रीय महामार्ग झाला. दिघी बंदर 2021 मध्ये अदानी समूहाकडे गेलं, ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने दिघी औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. बंदरासाठी रेल्वेमार्गाचीही योजना आहे. म्हणजे मालाचा विचार झाला, माणसांचा राहिला. अवजड गाड्या वाढतील, घाट तोच आहे. पुढे माणगावच्या बाजारपेठेत मुंबई–गोवा महामार्गाची कोंडी आहेच. तिथे अडकलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सला वाट कोण देणार?

आपल्याच तालुक्यातील आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले राज्याचे मुख्यमंत्री झाले. आंबेतच्या पुलाने सावित्रीपलीकडचं रत्नागिरी जोडलं. तोच पूल दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोटीत बसावं लागलं. बांधलेलं सांभाळावंही लागतं, हा धडा तेव्हाच मिळाला.

आमच्या मते मागणी नव्या घोषणेची नकोच. माणगावला थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळेला धरून म्हसळा-श्रीवर्धनच्या एसटी फेऱ्या लावा, घाटात संरक्षक कठडे आणि दिवे द्या, मुंबईच्या मधल्या स्टेशनवरून एक पॅसेंजर सोडा. यात बंदराएवढा पैसा लागत नाही.

आपल्यालाही काम आहे. नुसती कुरकूर कार्यालयात चालत नाही, कागद चालतो. प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने एक महिना वही ठेवावी: कोणती फेरी रद्द झाली, किती माणसं उभी राहिली, खाजगी गाडीला किती पैसे गेले. शेजारच्या हिंदू, बौद्ध वाड्यांनाही सोबत घ्यावं, कारण स्टँडवर सगळे एकत्रच उभे असतात. ती वही आगार व्यवस्थापक आणि आमदार-खासदारांच्या टेबलावर ठेवावी आणि पोच घेऊनच परतावं.