दिवाळीचा तो फोटो आता पुरे!

दर दिवाळीत, साधारण धनत्रयोदशीच्या सुमारास, तो फोटो येतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा आणि त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल दिव्यांची रांगोळी. खाली ओळ असते, 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला भारत. नासाने टिपलेले दृश्य.' फॅमिली ग्रुपवर तो काका टाकतात, सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी टाकतात आणि इन्स्टावर 'हे तुम्हाला माहीत नसेल' छापाची पेजं त्याला संगीत लावून रील करतात. आपण अंगठा दाखवतो आणि चकली खायला जातो.

हा फोटो दिवाळीचा नाही. मुळात तो फोटोच नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागरविषयक संस्थेतल्या ख्रिस एल्व्हिज नावाच्या शास्त्रज्ञानं २००३ साली बनवलेलं ते एक संयुक्त चित्र आहे. त्यातले रंग म्हणजे फटाके नव्हेत, वर्षं आहेत. १९९२च्या आधीपासून दिसत असलेला शहरांचा उजेड पांढरा. १९९२मध्ये नव्यानं दिसलेला निळा, १९९८मधला हिरवा, २००३मधला लाल. लोकवस्ती कशी वाढत गेली, हे दाखवायला केलेला तो नकाशा आहे. नासानं २०१२ साली १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं दक्षिण आशियाचं खरंखुरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं आणि सोबत स्पष्ट लिहिलं, की दिवाळीचा जादा उजेड इतका किंचित असतो की तो अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही. तरीही पुढच्या दिवाळीत तोच रंगीत फोटो परत आला, आणि तोही नासाच्याच नावानं.

आता तुम्हाला वाटेल की हा माणूस 'फेक न्यूजपासून सावध राहा' असं प्रवचन देणार. ते काम करणारे चांगले लोक आहेत, त्यांनी ते करावं. माझी तक्रार वेगळी आहे. हा फोटो खोटा आहे, यापेक्षा तो खऱ्या गोष्टीहून कितीतरी कमी मजेशीर आहे, याचा मला जास्त राग येतो.

खरी गोष्ट काय आहे बघा. हे उपग्रह अमेरिकन लष्करी हवामान कार्यक्रमातले. रात्री चांदण्यात ढग दिसावेत म्हणून त्यांच्यावर फार संवेदनशील उपकरण बसवलेलं. त्याला ढगांसोबत खालच्या गावांचे दिवेही दिसायला लागले. म्हणजे ढग बघायला पाठवलेल्या यंत्राकडे आपल्या गावांच्या वाढीची नोंद आपोआप साठत गेली. त्या चित्रातला एखादा लाल ठिपका म्हणजे असं एक ठिकाण, जिथला उजेड वरून दिसण्याइतका २००३ सालीच झाला. तुमच्यापैकी बरेच जण त्याच आगेमागे जन्मलेले असणार. आपलं तालुक्याचं गाव त्यात निळं आहे की लाल, हे झूम करून शोधण्यात जी मजा आहे, ती 'वाह, माझा भारत' म्हणण्यात नाही. पण ती मजा आपल्यापर्यंत पोचलीच नाही. मधल्या कुणीतरी तिची साल काढली, गर फेकून दिला आणि साल पुढे पाठवली.

इंटरनेटवरच्या गमतीजमतींचा जो धंदा आज चालतो, तो असा चालतो. 'अजब पण सत्य', 'जगातील दहा विचित्र गोष्टी', 'नंबर सात वाचून थक्क व्हाल'. या रिळांत एक माकड असतं, एक जपानी यंत्र असतं, एक उलटं घर असतं. कुणी केलं, कुठे, कधी, कशासाठी, यातलं काही नसतं. मूळ पानाचा दुवा तर नसतोच, कारण दुवा दिला तर तुम्ही तिकडे जाल, आणि तुम्ही इथेच थांबावं अशी सगळी व्यवस्था आहे. आता तर चित्र काढून देणारी यंत्रंही आली. त्यामुळे उलटं घर शोधायची गरज उरली नाही, मागितलं की मिळतं.

माझं म्हणणं साधं आहे. गमतीला माणूस लागतो, ठिकाण लागतं आणि कारण लागतं. ही तीन काढून घेतली तर उरतं ते फक्त विचित्र दिसणं. आणि नुसत्या विचित्र दिसण्यानं माणूस चार दिवसांत कंटाळतो.

इंटरनेटवरच्या अगदी बिनकामाच्या वाटणाऱ्या काही गोष्टी घेऊ. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाची खोली होती. तिथे कॉफीचं एक भांडं. बाकीच्या मजल्यांवरचे संशोधक जिने चढून-उतरून यायचे आणि भांडं रिकामं सापडायचं. १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेत्स्की यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि भांड्याचं छोटंसं कृष्णधवल चित्र सगळ्यांच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. १९९३मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरातले लोक, ज्यांना त्यातली एक घोटही कॉफी मिळणार नव्हती, ते भांडं बघायला लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला, तेव्हा त्याची बातमी झाली. ते भांडं ई-बेवर ३,३५० पौंडांना विकलं गेलं. घेणारं जर्मनीतलं श्पीगेल ऑनलाइन.

'जगातला पहिला वेबकॅम कॉफीच्या भांड्यासाठी होता' एवढं एक वाक्य तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलं असेल. त्यातून जिने गेले. जिने चढून रिकामं भांडं बघणाऱ्या माणसाची चिडचिड गेली. म्हणजे त्यातला शोधच गेला. आज तुमच्या खिशातला कॅमेरा ज्या घराण्यातला आहे, त्या घराण्याचा मूळ पुरुष 'चहा झालाय का रे?' हे जागेवरून न उठता विचारण्यासाठी जन्मला, हे कळलं तर आपल्या हॉस्टेलमधल्या आळसाकडेही जरा आदरानं बघता येतं.

किंवा कबुतरं घ्या. इंटरनेट कसं चालावं, याचे नियम आरएफसी नावाच्या कागदपत्रांत लिहिलेले असतात. १ एप्रिल १९९० रोजी त्या मालिकेत ११४९ क्रमांकाचं एक कागदपत्र आलं. विषय, इंटरनेटवरची माहिती कबुतरांच्या मार्फत कशी पाठवावी. एप्रिल फूलच, पण भाषा अगदी सरकारी गांभीर्याची. पुढे २००१च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमी मंडळींनी ते खरोखर करून पाहिलं. माहिती कागदावर छापायची, कबुतराच्या पायाला बांधायची, पलीकडे पोचली की पुन्हा संगणकात भरायची आणि उत्तर दुसऱ्या कबुतराबरोबर परत. नऊ निरोप पाठवले, चारांची उत्तरं आली. एकेका उत्तराला तासाभरापासून पावणेदोन तासांपर्यंत वेळ लागला. घाटात नेटवर्क जातं तेव्हा मला ही कबुतरं आठवतात आणि राग थोडा उतरतो.

याच मालिकेत १९९८च्या एक एप्रिलला कॉफीयंत्र नियंत्रित करण्याचे नियम आले. त्यात ४१८ क्रमांकाची चूक नोंदवलेली आहे. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं, तर तिनं हा क्रमांक देऊन नम्रपणे कळवायचं, 'मी किटली आहे.' प्रोग्रॅमर लोकांनी गंमत म्हणून हा क्रमांक खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. २०१७ साली तो काढून टाकावा असा प्रस्ताव आला, तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलानं तो वाचवायची मोहीम सुरू केली आणि ४१८ टिकला. आज अधिकृत यादीत तो 'वापरात नाही' अशा शेऱ्यासह राखून ठेवलेला आहे. जगभरच्या देवघेवीचा भार वाहणाऱ्या व्यवस्थेत एका विनोदासाठी खुर्ची रिकामी ठेवली आहे. आपल्याकडे मंत्रालयात असं काही होईल का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. 'अरे, दोन सेकंद हसलो, पुढे गेलो. एवढं काय मनावर घ्यायचं?' हसा की. पण ते दोन सेकंद फुकट नसतात. त्यांची जाहिरात विकली जाते. पैसे पेजवाल्याला मिळतात, कंपनीला मिळतात आणि ज्यानं ती गोष्ट केली त्याचं नावही येत नाही. शिवाय आपल्यातलं काहीतरी झिजतं. जिथे माकडाचा खरा फोटो आणि यंत्रानं काढलेलं माकड एकाच दमात येतात, तिथे आपण दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो किंवा दोन्हींवर ठेवत नाही. मग उद्या खरोखर अचाट काही समोर आलं, तरी आपण 'एआय असेल' म्हणून अंगठा वर सरकवतो. मला याची भीती वाटते. फसवलं जाण्यातून माणूस सावरतो. आश्चर्य वाटेनासं झालं, तर त्यातून सावरायला काही कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'हे सगळं गोऱ्यांचं, इंग्रजीतलं. आपलं काय?' तर आपली पुणेरी पाटी आहे की! इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासूनची अस्सल मराठी गंमत. खरी पुणेरी पाटी ओळखायची एक खूण आहे. तिच्यामागे एक नेमकं भांडण असतं. कुणीतरी दुपारी बेल वाजवलेली असते, कुणीतरी फाटकासमोर गाडी लावलेली असते, कुणीतरी शेजारच्या क्लासचा पत्ता दहाव्यांदा विचारलेला असतो. रंग उडालेला असतो, एखादं अक्षर नंतर दाटीवाटीनं घुसवलेलं असतं. आता ग्रुपवर येतात त्या पाट्या नीटनेटक्या चौकटीत टाइप केलेल्या असतात. त्यांना भिंत नाही, गल्ली नाही, भांडणारे काका नाहीत. तो फक्त विनोद असतो आणि बहुतेकदा शिळा. पुलंच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेलं जे फिरतं, त्याचीही हीच कथा. खालचं नाव वाचून आपण हसायचं ठरवतो आणि खरी पुस्तकं कपाटात राहतात.

आणि आपल्या गमती जपायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही. युनिकोड रुळायच्या आधी मराठी पानं वेगवेगळ्या फॉन्टांत लिहिली जायची. आज त्यातलं एखादं पान सापडलं आणि तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, तेव्हा मराठी पोरापोरींच्या किती थट्टा, किती भांडणं, किती कविता गेल्या, कुणी मोजलं नाही. ही पडझड आपल्यापुरती नाही. ॲलेक्स ट्यू नावाच्या इंग्लिश विद्यार्थ्यानं २००५ साली दहा लाख ठिपक्यांचं एक पान काढून एकेक ठिपका एकेका डॉलरला विकला. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या मंडळींनी २०१७ साली त्यावरचे २,८१६ दुवे तपासले, तर त्यातले ५४७ पार मेलेले होते. पैसे मोजून लावलेल्या पाट्यांची बारा वर्षांत ही गत. फुकट लिहिलेल्या मराठी ब्लॉगांचं काय झालं असेल?

तिसरा आक्षेप असा, की चौकशी केली की मजा जाते. मला उलटाच अनुभव आहे. मेलबर्न महापालिकेनं २०१३ साली शहरातल्या झाडांना ईमेल पत्ते दिले. हेतू रुक्ष होता. फांदी पडली, झाड वाळलं तर लोकांनी त्या झाडाच्या पत्त्यावर कळवावं. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहिली. परीक्षेचं टेन्शन सांगितलं, कसं काय चाललंय असं विचारलं. काही पत्रांना झाडांतर्फे उत्तरंही गेली. 'ऑस्ट्रेलियात झाडांना ईमेल येतात' ही झाली रीलची ओळ. तक्रारपेटी म्हणून दिलेल्या पत्त्यावर लोकांनी माया पाठवली, ही झाली गोष्ट. ती चौकशी केल्यावरच मिळते.

तेव्हा मागणी अशी. पुढची अजब गोष्ट आवडली, तर पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटं काढा. चित्र उलट शोधता येतं, तुमच्याच फोनवर. मूळ पान सापडलं तर त्याचा दुवा पाठवा, केलेल्या माणसाचं नाव लिहा. पान जुनं, पडायला आलेलं वाटलं, तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून ते जतन करा. पैसे लागत नाहीत. गल्लीतली खरी पाटी दिसली, तर फोटोसोबत गल्लीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. आणि ज्या पेजांवर नाव नाही, गाव नाही, दुवा नाही, ती अनफॉलो करा. त्यांचं काही अडणार नाही, तुमचंही नाही.

काकांशी मात्र भांडू नका. येत्या दिवाळीत त्यांनी तो फोटो टाकला, की खाली फक्त एवढंच विचारा, 'काका, आपलं गाव यात कुठल्या रंगाचं आहे? लाल असेल तर २००३.' मग रंगांचा अर्थ सांगा. काका चष्मा लावून झूम करायला लागतील, गावात लाइट कधी आली ते सांगायला लागतील, आणि त्यांचं सांगणं त्या फोटोपेक्षा नक्की भारी असेल. ते लिहून ठेवा. तारखेसकट.