पाट्या बदलतात, प्रश्न उरतो

बोरिवली पूर्वेची टाटा स्टीलची सुमारे 25 एकर जमीन 2014 साली 1,155 कोटी रुपयांना एका बांधकाम कंपनीने विकत घेतली. तेथे आज उत्तुंग इमारती आहेत आणि 2025 साली त्यांच्या शेजारी स्काय सिटी मॉल सुरू झाला. कारखान्याची जमीन कामगारांच्या श्रमांनी मोलाची झाली. तिचे पुढे काय व्हावे हे मात्र जमिनीच्या भावाने ठरविले. उपनगरांतील मॉलचा इतिहास समजून घ्यायचा तर तो येथूनच वाचावा लागतो.

अंधेरीत 1991 साली शॉपर्स स्टॉपचे पहिले दालन उघडले, तेव्हा बाजारहाटाची एक नवी रीत उपनगरांत आली. घाटकोपरचा आर सिटी मॉल 2009 साली सुरू झाला; 2013 साली तेथे मुलांसाठी किडझानिया आले, 2022 साली आयकियाचे दालन आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिलायन्सने देशभरातील बिग बझारची अनेक दुकाने ताब्यात घेतली. भाडे थकले, करार बदलले, पाट्या उतरल्या. ग्राहकाला फरक जाणवला तो पिशवीवरील नावाचा. फळ्या लावणाऱ्या, हिशेब करणाऱ्या माणसाला मात्र आपला मालक कोण, हे नव्याने विचारावे लागले.

मॉलमुळे सामान्य कुटुंबाची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. स्वच्छ प्रसाधनगृह, मोकळी जागा आणि स्त्रियांना निर्धास्तपणे फिरता येईल असा परिसर ज्या शहराने रस्त्यावर दिला नाही, तेथे लोक मॉलकडे वळणारच. पण ही सोय दिवसभर उभे राहणाऱ्या तरुण मुलामुलींच्या बळावर चालते. विक्रेत्याला बसण्याचा हक्क केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली कायद्यात घातला. इतकी साधी गोष्ट कायद्याने सांगावी लागते, यातच या झगमगाटाचे मोल कळते.

मॉल चालेनासा झाला की काय होते, याचे उत्तर भांडुपच्या ड्रीम्स मॉलने दिले आहे. शेकडो छोट्या व्यापाऱ्यांनी तेथे गाळे विकत घेतले; मॉल मात्र ओस पडत गेला. करोनाच्या काळात वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू होते. 25 मार्च 2021 च्या रात्री मॉलला आग लागली, धूर वर चढला आणि रुग्णांना प्राण गमवावे लागले. विक्रीसाठी बांधलेल्या इमारतीत आजारी माणसे ठेवताना सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या रात्रीपूर्वीच विचारला जायला हवा होता.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कारखान्याची जमीन विकली जाताना तिचा काही भाग सार्वजनिक मंडई, वाचनालय आणि परवडणारी घरे यांसाठी राखला जावा. दुकानाची मालकी बदलली तरी कामगाराची नोकरी व सेवाकाल अबाधित राहावा. महाराष्ट्रानेही विक्रेत्याचा बसण्याचा हक्क निःसंदिग्ध शब्दांत मान्य करावा. इमारतीचा वापर बदलण्यापूर्वी अग्निसुरक्षेची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल दर्शनी भागात लावला जावा.

मॉलमध्ये उद्या आणखी एक नवी पाटी लागेल. तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला बसायला एक स्टूल मिळाले का, हे महापालिकेने, शासनाने आणि खरेदीला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहावे.