महिनाभरात कादंबरी? लिहून तर पाहा!

"महिन्यात कुठे कादंबरी होते का?" गेल्या नोव्हेंबरात मी लिहायला बसले, तेव्हा मैत्रिणींनी हसून विचारले. प्रश्न रास्तच होता. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी यांनी २१ जणांसह हा उपक्रम सुरू केला. नियम सोपा : ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज सुमारे १,६६७.

घरकाम आटोपून रात्री लिहिताना मी १८,००० शब्दांवरच थांबले. तरीही हे आव्हान मला मोलाचे वाटते. आपली बोली पुस्तकी नाही, मोहल्ल्यातले जगणे कादंबरीच्या लायकीचे नाही, असे समजून आपल्यातले कितीतरी जण पहिले पानही लिहीत नाहीत. मीही वीस वर्षे तेच केले. रोजचा आकडा गाठायचा म्हटल्यावर शुद्ध-अशुद्धाचा विचार करायला वेळच उरला नाही. आजीचे बोलणे जसेच्या तसे कागदावर आले.

महिन्यात तयार होतो तो कच्चा खर्डा, हे मान्य. कादंबरी पुनर्लेखनातच घडते. एरिन मॉर्गनस्टर्न यांच्या 'द नाइट सर्कस'चे मूळ अशाच खर्ड्यांत होते; पुस्तक आले २०११ मध्ये. पण खर्डाच नसेल तर सुधारणार काय?

उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्याला मात्र वही आणि तीस रात्री पुरेशा आहेत. माझे उरलेले शब्द मी लिहिणार आहे. तुम्हीही पहिले पान लिहा.