‘आधी पोलिसांत जा’ म्हणणे थांबवा



आमच्या शेजारच्या काकूंच्या पेन्शन खात्यातून एका सोमवारी रात्री १८ हजार रुपये परराज्यातल्या एटीएममधून काढले गेले. कार्ड कपाटात, पिन फक्त काकूंना ठाऊक. मंगळवारी शाखा उघडायच्या आत त्या दारात हजर. काउंटरवरून उत्तर आले, ‘आधी पोलिसांत जा, एफआयआर आणा.’ ठाण्यात सांगितले, ‘आधी शिक्का मारलेले स्टेटमेंट आणा.’ या हेलपाट्यांत गुरुवार सरला. शुक्रवारी अर्ज घेतला आणि वर ऐकवले : तीन दिवस उलटले, आता १० हजार तुमचे गेले.

नियम खरा, पण सोयीपुरता सांगितलेला. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे परिपत्रक म्हणते की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले तर ग्राहकाने एक रुपयाही सोसायचा नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांची झळ. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. दोष ग्राहकाचा, हे सिद्ध करणेही बँकेकडेच. मुदत मोजायची ती बँकेला कळवण्यापर्यंत, एफआयआर हाती येईपर्यंत नव्हे. काकूंनी मंगळवारीच कळवले होते. त्यांच्याकडे कागद तेवढा नव्हता.

खोट्या तक्रारीही येतात, असे बँकवाले म्हणतात. येत असतील. ते तपासायलाच तर ९० दिवस आहेत! ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्याचा तोटा त्याचाच, हेही मान्य. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, असे हेच परिपत्रक सांगते. पोलिसांकडे जायला हवेच. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. पण ते बँकेला कळवण्याच्या जोडीने, आधीची अट म्हणून नव्हे.

आमच्या शाखेच्या भिंतीवर ‘ओटीपी सांगू नका’चे तीन फलक आहेत. शेजारी या मुदतींचा चौथा मराठीत लावावा. वाचकांनाही विनंती : तोंडी सांगून परतू नका. तक्रार क्रमांक किंवा तारखेसह पोच हाती घ्या, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. काकूंचा अर्ज आता तिथेच आहे.

— एक वाचक, सांगली